कुदळ, खोरं, फावडं, खुरपं: नेमकं कशाला काय म्हणायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

परसबागेबद्दल लिहायला लागल्यापासून रोपांपेक्षा अवजारांचेच प्रश्न जास्त येतात, त्यातले निम्मे तर 'ताई याला मराठीत काय म्हणतात' असले. दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं इथे टाकतेय. माझं माहेर नाशिक शहरातलं आणि सासर निफाडकडचं, त्यामुळे शब्द इकडचे आहेत, तुमच्याकडे वेगळं म्हणत असतील तर तेही बरोबरच. आधी इथे बघा, नाही सापडलं तर मग विचारा, प्लीज.

१. इंग्रजीत 'गार्डन हो' म्हणतात त्याला मराठीत शब्द काय?

एक असा शब्दच नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. लांब दांडा, टोकाला काटकोनात बसवलेलं पातं, आणि ते आपल्या बाजूला ओढायचं, असं ते अवजार. आता आपल्याकडे बघा, घाव घालून जमीन फोडायची तर कुदळ, सुटी माती ओढून गोळा करायची तर फावडं किंवा खोरं, खाली बसून तण काढायचं तर खुरपं, आणि दोन ओळींमधून तण कापत पुढे जायचं तर कोळपं. म्हणजे आपल्याकडे अवजार कसं दिसतं यापेक्षा हात काय करतोय त्यावरून नाव पडतं. दुकानात जाऊन 'हो द्या' म्हणालात तर तो म्हणेल 'हो, देतो, पण काय?'

हा विनोद मी स्वतः अनुभवलाय. एका शॉपिंग साइटवर आपोआप झालेल्या मराठीत 'स्टील बाग होय, लाकडी हँडलसह' असं लिहिलं होतं, मी हसत हसत मागवलं. आलं ते जेमतेम वीतभर, आणि दुसऱ्याच दिवशी काळ्या मातीत पातं अडकलं ते दांड्यासकट वर आलंच नाही, नुसता दांडा हातात. रिटर्नला गेले तर म्हणे वापरलेली वस्तू परत घेत नाही. वापरल्याशिवाय मोडणार कशी हे काही कोणी सांगितलं नाही.

घरच्या बागेसाठी जे हवंय ते मागताना 'छोटी कुदळी' म्हणा. एका बाजूला चपटं पातं आणि दुसऱ्या बाजूला दोन दाते असलेली मिळते, तीच तुमची 'गार्डन हो' समजा.

२. कुदळ आणि टिकाव एकच ना?

नाही. कुदळीला एकाच बाजूला लांब टोक असतं, चोचीसारखं. टिकावाला दोन्ही बाजू असतात, एकीकडे टोक आणि एकीकडे आडवी चपटी धार, म्हणजे मुरूम फोडायला एक आणि मुळं तोडायला दुसरी. शहरात दोन्हीला सरसकट कुदळ म्हणतात, चालतं.

'त्याच्यापुढे टिकाव लागला नाही' यातला टिकाव मात्र टिकण्यावरून आलेला, त्याचा या अवजाराशी संबंध नाही. हे वेगळं विचारणारे पण आहेत म्हणून इथेच लिहून टाकलं.

३. फावडं आणि खोरं यात फरक काय?

रोजच्या वापरात फारसा नाही. दोन्हींचं पातं रुंद, दोन्ही ओढायची, दोन्हींनी घमेलं भरायचं. आमच्याकडे बांधकामावर सगळे फावडंच म्हणतात (बोलताना पावडं), आणि खोरं हा शब्द वयस्कर माणसांच्या तोंडी किंवा म्हणीत राहिलाय. पायाने दाबून मातीत घुसवायचं, सरळ पात्याचं जे असतं ते मात्र यातलं कुठलंच नाही, ते स्पेड किंवा शॉव्हेल. आपल्याकडे अनवाणी काम करणाऱ्याला लोखंडावर पाय देऊन दाबणं कसं जमणार, त्यामुळे ओढायचं फावडंच आपलं.

समोरचे दोन दात मोठे असले की शाळेत 'फावड्या' म्हणून चिडवायचे ते याच रुंद पात्यावरून. मला चिडवायचे, म्हणून नक्की माहितीय.

४. 'खोऱ्याने पैसा ओढतो' आणि 'गोदावरी खोरं', हे खोरं एकच का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार. शब्द उच्चाराला तोच, अर्थ दोन. पहिला अवजाराचा: हाताने, मुठीने, ओंजळीने नाही तर थेट खोऱ्याने ओढतो, म्हणजे पैसा इतका की दाण्यांच्या राशीसारखा ओढून घ्यावा लागतो. या म्हणीतल्या खोऱ्याला दरी समजून 'पैशाची दरी' वगैरे अर्थ लावलेले मेसेज मला आलेत, तसं काही नाही.

दुसरा अर्थ, दोन डोंगरांमधली खोलगट जमीन जिचं सगळं पाणी एका नदीत उतरतं. शिवकाळातली मुठे खोरं, रोहिड खोरं, कानद खोरं ही नावं त्यातलीच. आपण नाशिककर तर हा शब्द पेपरात रोज वाचतो, कारण धरणं भरली की जायकवाडीला पाणी सोडायचं का यावरून भांडण होतं ते गोदावरी खोऱ्याचं. ब्रह्मगिरीवर उगवून १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळणारी आपली गंगा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), तिचं खोरं जिल्ह्यात सातमाळ्याच्या रांगेपर्यंत. रांगेपलीकडे कळवण, सटाणा, मालेगावचं पाणी गिरणेतून तापीच्या खोऱ्यात जातं, आणि पेठ-सुरगाण्याकडचं नार, पार, दमणगंगा घेऊन थेट अरबी समुद्राकडे. एका जिल्ह्यात तीन दिशांना पाणी.

आता जुनं वापरलेलं खोरं उलटं करून हातात धरा. मधे खोलगट, दोन्ही कडा किंचित वर आलेल्या, माती सगळी मधे जमा. चांदवडच्या घाटातून खाली बघितल्यावर जमीन अशीच दिसते, म्हणून मला तरी हे दोन अर्थ शेजारी शेजारी बसलेले छान वाटतात.

५. 'कुदळ' शब्द आला कुठून? संस्कृत की देशी?

संस्कृतात आणि पालीत 'कुद्दाल' आहे, तिथून कुदळ. जुने पंडित त्याची फोड 'कु' म्हणजे पृथ्वी आणि 'दल' म्हणजे फाडणे अशी करतात, ऐकायला गोड आहे, पण कानडी आणि तेलुगूत 'गुद्दली' आहे आणि बरेच भाषातज्ज्ञ मूळ द्राविडी मानतात. हिंदीत कुदाल, गुजरातीत कोदाळी. सुरगाण्याच्या पुढे सीमा ओलांडली की शब्द बदलतो, लोखंड तेच.

गंमत म्हणजे अमरकोशात कुद्दाल हे एका झाडाचंही नाव आहे, कोविदार म्हणजे आपला कांचन. दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो तो आपटा त्याच्याच कुळातला, दोघांचंही पान मधे चिरलेलं, दोन दलांचं. म्हणजे जुन्या पोथीत 'कुद्दाल फुलला' असं काही वाचलंत तर घाबरू नका.

आणि जातककथेत एक कुद्दाल पंडित आहे. गरीब माळी, कुदळीवर पोट. संन्यास घेतो, पण घरी ठेवलेली बोथट झालेली कुदळ आठवते, परत येतो, पुन्हा जातो, असं सहा वेळा. सातव्या वेळेला डोळे मिटून ती नदीत भिरकावतो, पडली कुठे ते दिसायला नको म्हणून, आणि 'जिंकलो' म्हणून ओरडतो. माझ्या सासऱ्यांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, धार लावून घेतली असती तर एवढी आठवण झाली नसती.

६. नाथपंथी साधूंच्या हातात 'फावडी' असते ती माती ओढायची का?

नाही. ती टेकायची. ध्यानाला किंवा जपाला बसल्यावर हात टेकायला आडव्या माथ्याची लाकडी काठी असते, कुबडी-फावडी असं जोडीनेच म्हणतात. आकार फावड्यासारखा, म्हणून नाव. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी असल्याने आपल्याकडे नाथपंथी येणं-जाणं कायमचं, कुंभमेळ्यात तर बघायलाच नको, त्यामुळे हा प्रश्न नाशिककरांनाच पडतो. व्याकरणाचा घोळ प्रश्न १४ मधे बघा.

७. पिकं 'कोळपली' म्हणजे चांगलं की वाईट?

कोणी म्हटलं त्यावर आहे! 'आम्ही सोयाबीन कोळपलं' म्हणजे कोळपं चालवून ओळींमधलं तण काढलं, चांगलं. 'उन्हानं रोपं कोळपली' म्हणजे करपून माना टाकल्या, वाईट. माणूस कर्ता असेल तर अवजार, ऊन कर्ता असेल तर नुकसान, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. विदर्भातले वाचक यात पडतच नाहीत कारण तिकडे डवरा आणि डवरणी.

कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं जुने लोक म्हणतात ते उगीच नाही. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात आणि खालची ओल वर चढून उडून जात नाही. काळ्या जमिनीत भेगा किती पडतात ते निफाडकडे उन्हाळ्यात येऊन बघा, हात जातो आत.

बैल नसलेल्यांसाठी सायकल कोळपं मस्त, जुन्या सायकलचं चाक पुढे आणि मागे पातं, ढकलत जायचं. गावातले फिटर बनवून देतात.

८. निंदणी, खुरपणी, भांगलण, बेणणी... किती शब्द आहेत एका कामाला?

प्रत्येक भागाचा आपला. आमच्याकडे आणि खानदेशात निंदणी, सातारा-कोल्हापूरकडे भांगलण, कोकणात बेणणी, खुरपणी म्हटलं की सगळीकडे कळतं. 'आज आमच्या वावरात दहा बाया निंदायला आल्यात' हे वाक्य पुण्याच्या एका मैत्रिणीने ऐकलं आणि म्हणाली, कोणाची निंदा? ती निंदा वेगळी, हे निंदणं वेगळं. (तसं काम करता करता पहिली पण होतेच, दोन्ही एकत्र चालतं.)

खुरपं शब्द संस्कृत 'क्षुरप्र' वरून, त्याचा अर्थ वस्तऱ्यासारखी धार असलेला बाण! क्षुर म्हणजे वस्तरा. त्यामुळे बोथट खुरपं हे नावालाही शोभत नाही.

कांद्यात कोळपं का चालवत नाहीत हे पण विचारतात. रोपं साधारण १५ बाय १० सेंटिमीटरवर लावलेली असतात, त्यातून पातं जाणार कुठून. म्हणून बाया ओळीने बसतात, प्रत्येकीची आपली पात (म्हणजे निंदायचा पट्टा) ठरलेली, डाव्या हाताने तण धरायचं, उजव्या हाताने खुरपं जमिनीला जवळजवळ आडवं ठेवून मुळाखालून सरकवायचं आणि मनगट किंचित वळवायचं. माझ्या सासूबाई हे बोलता बोलता करतात, बघतसुद्धा नाहीत. मी केलं तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत तणापेक्षा कांदे जास्त निघाले, मग मला चहा करायला पाठवलं.

९. कंबर दुखते, लांब दांड्याचं घेऊ की आखूड?

लांब, शक्य असेल तिथे लांबच. दांडा जमिनीवर उभा धरल्यावर निदान छातीपर्यंत यायला हवा, मग वाकावं लागत नाही. आखूड दांडा पाठीची काय वाट लावतो हे अमेरिकेत कोर्टात सिद्ध करावं लागलं. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना हातभर दांड्याची हो देत, स्पॅनिशमधे तिला 'एल कोर्तितो' म्हणजे छोटुली म्हणत, दिवसभर कमरेत दुमडून काम. १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिच्यावर बंदी आली.

आपल्याकडे खुरपं आखूडच आहे आणि निंदणारे हात बहुतेक बायकांचेच आहेत, त्यावर कोणी कोर्टात गेलेलं नाही. ओळीत अंतर असेल तिथे (भाजीपाला, फुलझाडं) सायकल कोळपं नाहीतर लांब दांड्याचं हातकोळपं वापरा, कांदा-लसणात पर्याय नाही, तिथे निदान पाट घेऊन बसा.

१०. दांडा सारखा ढिला होतो, काय करू?

ज्या भोकातून दांडा जातो त्याला नेढं म्हणतात. सुईला असतं तेच, आणि राजगड-रतनगडावर डोंगराला आरपार पडलेलं असतं ते पण नेढंच. कुदळ-टिकावाचा दांडा पुढच्या टोकाला जाड असतो आणि वरून घालून खाली ओढायचा असतो, म्हणजे घाव घालताना डोकं आणखी घट्ट बसतं, निसटून उडत नाही. उलट्या बाजूने ठोकून बसवलेला दांडा मी पाहिलाय, कृपया नका करू, समोरच्याचं डोकं फुटेल.

बादलीत रात्रभर भिजत ठेवायचा सल्ला सगळे देतात. लाकूड फुगून तात्पुरतं घट्ट होतं हे खरं, पण वाळलं की पहिल्यापेक्षा ढिलं. मुळात वाळलेलं लाकूड घ्या, घावाच्या कामाला बाभळीचं चांगलं, नेढ्यात बसवून पाचर मारा आणि वर्षातून एकदा दांड्याला जवसाचं तेल चोळा. सासऱ्यांचं वाक्य आहे, ओल्या लाकडाचा दांडा आठ दिवसांत नाचायला लागतो.

११. नाशिकमधे चांगलं खुरपं-कुदळ कुठे मिळेल?

दुकानाचं नाव सांगणार नाही, जाहिरात केल्यासारखं होतं. गंगेवर बुधवारचा बाजार भरतो तिथे फिरा, नाहीतर गावाकडच्या आठवडे बाजारात लोहाराकडून घ्या. 'पाट्याचं आहे का' विचारा, म्हणजे ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून बनवलेलं, ते पोलाद स्प्रिंगचं असल्याने धार धरतं. पत्र्याचं वाकतं. पात्यावर बोटाच्या पेराने टकटक करून बघा, खणकन वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर असणार. कुदळीचं टोक झिजलं की फेकू नका, लोहार भट्टीत घालून शेवटून देतो (म्हणजे ठोकून टोक पुन्हा काढतो), पाणी देतो (म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करतो) आणि पुन्हा दोन वर्षं चालते. घरी धार लावायला साधी कानस पुरते, एकाच बाजूने घासा.

१२. तण कापलं तरी आठ दिवसांत दुप्पट येतं, असं का?

कुठलं तण आहे ते आधी बघा, कारण सगळ्यावर खुरपं चालत नाही. लव्हाळ्याला जमिनीखाली गाठी असतात, वरून कापलं की एकेका गाठीतून नवे कोंब, त्यामुळे कुदळीने खोल खणून गाठी वेचल्याशिवाय सुटका नाही, आणि एकदा वेचून होत नाही. हरळीचे तुकडे झाले की प्रत्येक तुकडा मूळ धरतो, म्हणून तिच्यात कोळपं चालवणं म्हणजे लागवड करणं. गाजर गवत मात्र फुलं यायच्या आत मुळासकट उपटा, हातमोजे घालून, कारण त्याने अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं, आता आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे.

बाकी साधी तणं सकाळी कापा, ऊन तापायच्या आत, म्हणजे दुपारपर्यंत वाळून जातात. पाऊस असेल त्या दिवशी कापलीत तर तीच परत उभी राहतात.

१३. कार्यक्रमात 'पहिली कुदळ मारली' म्हणतात, फावडं का नाही मारत?

कारण पहिली गोष्ट जमीन फोडणं, माती ओढणं नंतर. कुदळीला हळद-कुंकू लावतात, नारळ फुटतो, पाहुणे एक घाव घालतात, फोटो निघतो. त्यानंतर काम कधी सुरू होतं हा प्रश्न मला पाठवू नका. खंडेनवमीला मात्र सगळ्याच अवजारांची पूजा, तिथे कुदळ-फावडं असा भेदभाव नाही, आमच्याकडे माझी छोटी कुदळी पण पाटावर बसते.

१४. ती कुदळ, ते फावडं... अनेकवचन काय? 'खुरपी' एक की अनेक?

ती कुदळ, त्या कुदळी. तो टिकाव, ते टिकाव. ते फावडं, ती फावडी. ते खोरं, ती खोरी. ते खुरपं, ती खुरपी. आता अडचण बघा: कुंडीतली माती उकरायच्या छोट्या अवजाराला पण ती खुरपी म्हणतात, एकवचनी, आणि साधूंची फावडी (प्रश्न ६) पण एकवचनी. त्यामुळे 'खुरपी आण' म्हटलं की एक छोटी आणायची की दोन-चार मोठी, हे शब्दावरून कळत नाही. 'ती खुरपी आण' म्हटलं तरी नाही. आकडा सांगा. मी मुलाला 'खुरपी आण' सांगितलं तर तो सगळी टोपली घेऊन आला, त्याची चूक नव्हती.

१५. मुलांसमोर 'हो' म्हटलं, म्हणजे अवजार, की ती इंग्रजीत खिदळतात. का?

कारण इंग्रजी स्लँगमधे बाईला द्यायची एक घाण शिवी अगदी असाच उच्चार असलेली आहे, गाण्यांतून मुलांच्या कानावर येते. शब्द दोन वेगळे आहेत. शिवी वेश्या या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा बोलण्यात झालेला अपभ्रंश, आणि अवजाराचं नाव फ्रेंच 'हू' वरून, ज्याचं मूळ तोडणे, घाव घालणे या अर्थाच्या जर्मानिक शब्दात. स्पेलिंग पण कधी सारखं लिहितात म्हणून घोटाळा वाढतो. सांगून टाका आणि हातात खुरपं द्या, एक वाफा निंदून झाला की खिदळणं थांबतं, आमच्याकडे थांबलं.

१६. कुंडीसाठी यातलं काय घेऊ?

काहीच नाही. जुना चमचा.